सॅफोच्या खंडित गीतांचा पाठ : छंदाचे साहाय्य व त्याची मर्यादा

लेझ्बॉस बेटावर इ. स. पू. ६०० च्या सुमारास होऊन गेलेल्या सॅफो या कवयित्रीची थोरवी प्राचीन ग्रीकांनी मान्य केली होती. तिचे काव्य मात्र अल्पांशानेच उरले आहे. अलेक्झांड्रियातील पंडितांनी तिची गीते अनेक ग्रंथांत संगृहीत केली होती. त्यांपैकी एकट्या पहिल्या ग्रंथात १,३२० ओळी होत्या, अशी नोंद एका पपायरसच्या अखेरीस आढळते. आज सर्व अवशेष एकत्र केले, तरी सुमारे ६५० ओळीच भरतात व त्यांतील बहुतेक तुटक आहेत. म्हणून तिच्या काव्याविषयी विधान करण्यापूर्वी, हाती असलेला पाठ कोणत्या मार्गाने आला, हे पाहणे अगत्याचे ठरते.

हे मार्ग दोन. पहिला उत्तरकालीन ग्रंथकारांच्या अवतरणांचा. अफ्रोडायटीची प्रार्थना असलेले अठ्ठावीस ओळींचे गीत हॅलिकार्नॅससच्या डायोनिशिअसने शब्दरचनेच्या विवेचनात उदाहरणादाखल उतरून घेतले, म्हणून ते टिकले. वैयाकरणांनी इओलिक बोलीतील एखाद्या रूपासाठी एखादीच ओळ दिली. या मार्गाने जे उरले, ते उद्धृत करणाऱ्याच्या प्रयोजनानुसार उरले. दुसरा मार्ग इजिप्तमधील पपायरसांचा. ऑक्सिरिंकस येथे ग्रेनफेल व हंट यांनी १८९६-९७ पासून केलेल्या उत्खननांत कचऱ्याच्या ढिगांतून अनेक तुकडे निघाले. येथे निवड यदृच्छेची. पण पाने फाटलेली.

फाटलेल्या ओळींच्या पूर्तीस छंदाचे साहाय्य होते. पुढे कॅटलस व हॉरेस यांनी लॅटिनमध्ये स्वीकारलेल्या 'सॅफिक' कडव्यात अकरा अक्षरांच्या तीन ओळी व पाच अक्षरांची एक ओळ असते. संस्कृत अक्षरगणवृत्तांप्रमाणेच येथे लघुगुरूंचा क्रम निश्चित असतो. अकरा अक्षरी ओळीतील चौथे व अखेरचे अक्षर तेवढे वैकल्पिक. त्यामुळे किती अक्षरे गेली व ती लघू की गुरू, हे बहुधा सांगता येते. परंतु छंद केवळ चुकीची पूर्ती बाद करतो; छंदात बसणाऱ्या अनेक पूर्तींपैकी कवयित्रीची कोणती, हे तो सांगत नाही.

ही मर्यादा निराळ्या छंदातील वार्धक्यविषयक गीतावरून स्पष्ट होते. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑक्सिरिंकसच्या तुकड्यात त्याच्या ओळींचे उत्तरभागच होते. २००४ मध्ये कलोन येथील संग्रहातील इ. स. पू. तिसऱ्या शतकातील पपायरस प्रसिद्ध झाला आणि बऱ्याचशा पूर्वभागांची भर पडली. त्याचबरोबर नवा प्रश्न उद्भवला. कलोनच्या प्रतीत अमर असूनही जराग्रस्त झालेल्या टायथोनसच्या कथेनंतर, म्हणजे बाराव्या ओळीनंतर, वेगळीच रचना सुरू होते. ऑक्सिरिंकसच्या प्रतीत मात्र आणखी चार ओळी येतात. त्यांतील अखेरच्या दोन अथीनिअसनेही उद्धृत केल्या असून त्यांत सूर्यप्रकाशाविषयीची ओढ आहे. गीत टायथोनसपाशी संपत असेल, तर त्याचा शेवट अटळ जरेच्या स्वीकारात होतो; पुढे चालत असेल, तर जीवनाच्या प्रीतीत. याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही.

एकाच गीताचे असे दोन अर्थ संभवतात आणि दोहोंस प्राचीन प्रतीचा आधार आहे. म्हणून मुद्रित आवृत्तीतील कंस व टिंबे ही केवळ संपादकीय चिन्हे समजून ओलांडून जाणे योग्य नव्हे. कंसातील शब्दांवर सॅफोच्या वृत्तीविषयीचा सिद्धांत उभारला, तर तो वस्तुतः संपादकाविषयीचा सिद्धांत ठरतो.