केसपेपर वाचणारी सिस्टर

१९६० चा नोव्हेंबर. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात अठरा वर्षांच्या एका कॉलेजकुमाराचा फुटबॉल खेळताना पाय मोडला. चार्ल्स्टनच्या रुग्णालयात प्लास्टर घातलं. लवकरच दुखणं असह्य झालं. प्लास्टरबाहेरची बोटं सुजली, काळवंडली, थंड पडली. प्लास्टर कापून सैल केलं, पण त्याचा उपयोग झाला नाही. अखेर गुडघ्याखाली पाय कापावा लागला. १९६५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयावरची जबाबदारी कायम केली. सिस्टरांनी पायातलं रक्ताभिसरण पुरेशा वेळा तपासलं नाही, असा निष्कर्ष ज्युरी काढू शकते; आणि डॉक्टर दाद देत नसतील तर सिस्टरने त्यांच्या वरच्यांना सांगायला हवं, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे 'डॉक्टरांना कळवलं' एवढा शेरा मारून सिस्टरची सुटका नाही.

पण शेकडो पानांच्या केसपेपरात हे शोधणार कोण? वकिलाला टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) चार्ट वाचता येत नाही. यातूनच अमेरिकेत कायदेविषयक सल्लागार परिचारिका हा पेशा उभा राहिला. १९८९ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. काम बैठं आणि किचकट. विस्कटलेली कागदपत्रं तासामिनिटांनुसार लावायची, गहाळ पानं हुडकायची, औषधाची वेळ आणि रक्तदाबाची नोंद ताडून पाहायची. रात्रभर दर तासाला एकाच शाईत, एकाच वळणाने, तेच आकडे दिसले की वॉर्डात नाइट काढलेल्या बाईला लगेच संशय येतो. आता संगणकावर कोणती नोंद कुणी, कधी उघडली नि बदलली हेही उरतं. तेही ती मागवून घेते. दावा टिकणार नाही असं वकिलाला स्पष्ट सांगणं हा तिच्या कामाचा कमी बोलला जाणारा, पण माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग. बहुतेक जणी पडद्याआडच राहतात. साक्षीला उभी राहते ती तज्ज्ञ साक्षीदार, आणि तिची उलटतपासणी होते.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर कायद्याची पदवी लागत नाही. संघटनेशी संलग्न मंडळाच्या प्रमाणपत्राला नोंदणीकृत परिचारिका म्हणून पाच वर्षांचा अनुभव, या सल्लाकामाचे २००० तास आणि परीक्षा लागते. पण हे प्रमाणपत्र सक्तीचं नाही. त्यामुळे झटपट कोर्सेसचा बाजारही तिथे जोरात आहे. वॉर्ड न पाहिलेल्या बाईला तो कोर्स काय देणार?

२००४ मध्ये इलिनॉयच्याच सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गाठ सोडवली. पलंगावरून पडलेल्या वृद्ध रुग्णाच्या खटल्यात सिस्टरची चूक सांगायला डॉक्टर उभे होते. न्यायालयाने ती साक्ष नाकारली: नर्सिंगचा दर्जा नर्सनेच सांगावा.

आपल्याकडे ही गाठ अजून तशीच आहे. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ च्या जुलैमध्ये कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईच्या पोटात मॉप, म्हणजे रक्त टिपायचा कापडी तुकडा, राहिला. ती दगावली. सर्वोच्च न्यायालयाने शासनाला जबाबदार धरलं ते १९९६ मध्ये. मॉप मोजून देणं आणि मोजून परत घेणं हे ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरचं काम. पण ते नीट झालं का, हे सिस्टरलाच विचारावं अशी प्रथा आपल्याकडे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानेही डॉक्टरवर फौजदारी कारवाईआधी स्वतंत्र मत घ्यायला सांगितलं, तेही शक्यतो सरकारी डॉक्टरचं. बीएस्सी नर्सिंगच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात न्यायवैद्यक नर्सिंग आणि भारतीय कायद्यांची ओळख आली आहे. मात्र ती ओळखच. केसपेपर पारखायचा सराव त्यात होत नाही.

तोवर वाचकांना एक विनंती. घरच्या कुणाच्या उपचारांबद्दल शंका असेल तर नुसत्या डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी मिळायला हव्यात, आणि आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि अर्जात 'नर्सेस नोट्ससह' हे दोन शब्द लिहायला विसरू नका.