डीएनएत डेटा, पण कुणाच्या अंगात नव्हे

“डीएनएत डेटा साठवायचं तंत्र निघालंय. आता माणसाच्या रक्तातच सिनेमे, कागदपत्रं, बँकेचे पासवर्ड भरणार.” भंडारा, तुमसर, साकोली, लाखांदूर, कुठंही विज्ञानावर बोलायला गेलो की हे वाक्य कानावर पडतंच. एखाद्या शाळकरी पोरानं कुतूहलानं तसं विचारलं तर मला आनंद होतो. पण शिकलीसवरलेली मोठी माणसं ते खात्रीनं सांगतात, मोबाइलवरून पुढं ढकलतात आणि वर जोडतात, “म्हणूनच तर गावोगाव रक्ताचे नमुने घेतायत.” इथं मात्र संताप येतो. आपल्या भागात गावोगाव रक्त तपासतात ते सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी. एवढं एक वाक्य ऐकून एखादी आई लेकराला तपासणीला नेणार नाही, आणि त्याची किंमत ते लेकरू आयुष्यभर मोजेल.

आधी थेट उत्तर. डेटा साठवण्यासाठी लागणारा डीएनए कुणाच्या शरीरातून काढत नाहीत आणि कुणाच्या शरीरात घालतही नाहीत. तो प्रयोगशाळेत रसायनांपासून नव्यानं बनवतात. संगणकातली कुठलीही फाइल, मग तो फोटो असो की सातबारा, शेवटी शून्य आणि एक यांची रांग असते. डीएनएची अक्षरं चार: ए, सी, जी आणि टी. कोणत्या अंकांसाठी कोणतं अक्षर, हे आधी ठरवून घेतात आणि त्या क्रमानं यंत्र एकेक अक्षर रासायनिक पद्धतीनं जोडत जातं. लांबच लांब साखळी बिनचूक जोडता येत नाही, म्हणून शे-दोनशे अक्षरांचे हजारो-लाखो तुकडे करतात. कोणता तुकडा कितवा, हे कळावं म्हणून प्रत्येकात त्याचा क्रमांकही अक्षरांतच लिहितात. शेवटी हाती येते ती नळीच्या तळाशी जेमतेम दिसणारी कोरडी पूड. तिच्यात पेशी नाही, जीव नाही. वाचायच्या वेळी ती द्रवात विरघळवायची, अक्षरांचा क्रम ओळखणाऱ्या यंत्रात घालायची आणि मिळालेली अक्षरं पुन्हा शून्य-एकात बदलायची.

यात गुपित काहीच नाही, सगळं छापून आलेलं आहे. २०१२ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज चर्च यांच्या गटानं ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं की सुमारे ५३ हजार शब्दांचं अख्खं पुस्तक, ११ चित्रं आणि एक छोटा संगणकीय प्रोग्रॅम डीएनएत लिहून परत वाचता येतो. त्यासाठी त्यांनी सुमारे ५५ हजार तुकडे बनवले. प्रत्येक तुकडा १५९ अक्षरांचा होता. त्यातली ९६ अक्षरं मजकुराची, १९ क्रमांकाची आणि उरलेली यंत्राला तुकडा पकडता यावा म्हणून दोन्ही टोकांना. पुढच्याच वर्षी युरोपीय जैवमाहिती संस्थेतल्या निक गोल्डमन आणि इवन बर्नी यांच्या गटानं ‘नेचर’मध्ये शेक्सपिअरची १५४ सुनीतं आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाचा २६ सेकंदांचा तुकडा असाच साठवून दाखवला. या दोन्ही कामांत एकाही माणसाला सुई टोचावी लागली नाही.

“पण उद्या घातला माणसात तर?” हा पुढचा प्रश्न. जिवंत पेशीत माहिती कधी लिहिलीच नाही असं मी म्हणणार नाही. कलावंत जो डेव्हिस यांनी १९८० च्या दशकातच एका साध्या आकृतीचा संकेत ई-कोलाय जिवाणूत घातला होता. २०१७ मध्ये हार्वर्डच्याच संशोधकांनी धावत्या घोड्याची छोटी चलचित्रफीत ई-कोलायमध्ये लिहिली. पण ते जिवाणू होते, आणि त्या प्रयोगांचा हेतू कपाटभर फायली ठेवण्याचा नव्हता. साठवणुकीसाठी जिवंत पेशी ही गैरसोयीची जागा आहे. पेशी दुभंगते, नक्कल करताना चुका होतात, पिढ्यानपिढ्या अक्षरं बदलत जातात आणि आपल्या कामाचा नसलेला बोजा जीव हळूहळू टाकूनही देतो. जो दस्तऐवज शंभर वर्षांनी जसाच्या तसा हवा, तो सतत बदलणाऱ्या गोष्टीत कोण ठेवील?

मग सांगतात, “माणसाच्या डीएनएत ९८ टक्के जागा रिकामी आहे ना? तिथं भरतील.” प्रथिनं बनवण्याच्या सूचना आपल्या डीएनएच्या सुमारे दीड टक्क्यातच आहेत, एवढं खरं. बाकीचं सगळं कामाचं आहे असंही कुणी म्हणत नाही. पण ते सगळं रिकामं आहे, हे साफ खोटं. कोणतं जनुक कधी, कुठं, किती चालू राहावं हे ठरवणाऱ्या कळी याच भागात बसलेल्या आहेत. पुरावा आपल्या भागाच्या दुखण्यातच मिळतो. सिकलसेल होतो तो एका अक्षराच्या बदलानं. बीटा ग्लोबिन जनुकात ‘जीएजी’च्या जागी ‘जीटीजी’ आलं की हिमोग्लोबिनमधलं एक अमिनो आम्ल बदलतं, ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्या वेदना काय असतात, हे पूर्व विदर्भातल्या कितीतरी घरांना सांगावं लागत नाही. या आजारावर ब्रिटननं नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि पाठोपाठ डिसेंबरमध्ये अमेरिकेनं जनुक-संपादनाच्या उपचाराला परवानगी दिली. त्याचं नाव कॅसजेव्ही. या उपचारात जी कात्री चालते ती बीटा ग्लोबिन जनुकावर चालतच नाही. बीसीएल११ए नावाचं जनुक रक्तपेशींत चालू ठेवणारी एक कळ आहे, कात्री तिच्यावर चालते. ती कळ निकामी झाली की गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. आणि ती कळ आहे त्याच तथाकथित रिकाम्या भागात. त्या जागेत चार अक्षरं इकडची तिकडं झाली तर रक्ताचा स्वभाव बदलतो. तिथं सिनेमा भरण्याच्या गोष्टी करणाऱ्यांनी हे एकदा नीट समजून घ्यावं.

आता ती रक्ततपासणी. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करणं हे त्याचं उद्दिष्ट. प्राथमिक तपासणीत बोटातून थेंबभर रक्त घेतात आणि ते विशिष्ट द्रावणात गढूळ होतं का ते पाहतात, किंवा छोट्या किटवर तपासतात. शंका आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करतात. या सगळ्या चाचण्या हिमोग्लोबिन पाहतात. हिमोग्लोबिन हे प्रथिन आहे. ते ज्या तांबड्या पेशीत असतं, तिच्यात केंद्रकच नसतं, म्हणजे केंद्रकातला डीएनएही नसतो. पोटातल्या बाळाचं निदान करायचं असेल तेव्हा डीएनए तपासतात हे खरं, पण तेही फक्त वाचायला. त्यात काही लिहीत नाहीत. शरीरात काही घालायचं असेल तर आत सोडावं लागतं. इथं थेंब बाहेर येतो, आत काहीच जात नाही.

किरकोळ गैरसमजांना एकेक ओळ पुरे. डीएनएची चिप लवकरच मोबाइलमध्ये येणार, असं म्हणतात. मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्वयंचलित यंत्राला २०१९ मध्ये ‘हेलो’ एवढा एक शब्द लिहून परत वाचायला २१ तास लागले होते. हे तंत्र स्वस्त आहे, असंही म्हणतात. २०१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगात जेमतेम २ एमबी मजकूर लिहायला सुमारे ७ हजार डॉलर आणि वाचायला आणखी २ हजार डॉलर लागले. एका ग्रॅमात २१५ पेटाबाइट, म्हणजे २१ कोटी ५० लाख जीबी मावतील, हा गाजलेला आकडा त्याच प्रयोगातला. ती घनता आहे, बाजारात मिळणारी वस्तू नव्हे. डीएनए अमर असतो, हा आणखी एक समज. ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीत २० लाख वर्षांपूर्वीचे तुकडे सापडले हे खरं, पण आपल्या उन्हाळ्यात आणि पावसाळी दमटपणात उघडी पूड टिकणार नाही. म्हणून झुरिकच्या संशोधकांनी ती काचेसारख्या सिलिकाच्या सूक्ष्म कणांत बंद करून दाखवली. आणि पूर्वजांच्या आठवणी डीएनएतून आपल्यात उतरत नाहीत, व्हिडिओ गेममध्ये कितीही रंगवून दाखवलं तरी.

गेमचं नाव निघालंच आहे तर हा सगळा घोळ कुठून आला तेही पाहू. १९६५ च्या ‘ड्यून’ कादंबरीत पूर्वजांच्या स्मृती पुढच्या पिढीत जाग्या होतात. १९९३ मध्ये ‘स्टार ट्रेक’च्या एका भागात प्राचीन जीवांनी अनेक ग्रहांवरच्या प्राण्यांच्या डीएनएत एक निरोप वाटून ठेवलेला असतो. २००७ च्या ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये यंत्र डीएनए वाचून पूर्वजाचं आयुष्य दाखवतं. कथा म्हणून मला या आवडतात. त्यांत निरोप शरीरात असतो, कारण कथेला पात्र लागतं. प्रयोगशाळेला पात्र लागत नाही, नळी पुरते.

“विज्ञानकथाकारांनी आधी लिहिलं, शास्त्रज्ञांनी ते पाहून केलं,” हेही या बाबतीत टिकत नाही. २९ डिसेंबर १९५९ ला रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या भाषणात सांगितलं होतं की सजीव आपली माहिती सुमारे ५० अणूंत एक बिट इतक्या दाटीनं ठेवतात. १९६० च्या दशकाच्या मध्यात सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ मिखाइल नेमन यांनी रेणूंत माहिती साठवण्याची कल्पना मांडली. १९७९ मध्ये तर योकू आणि ओशिमा या जपानी संशोधकांनी ‘इकॅरस’ या नियतकालिकात गंभीरपणे विचारलं, की एका विषाणूच्या डीएनएत परग्रहावरचा निरोप तर नसेल? त्यांना तो सापडला नाही. पण ‘स्टार ट्रेक’चा तो भाग याच्यानंतर १४ वर्षांनी आला.

तरी विज्ञानकथेचं श्रेय मला हिरावून घ्यायचं नाही, फक्त ते योग्य ठिकाणी द्यायचं आहे. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत जमिनीखाली खोल गाडलेली एक पेटी सापडते आणि तिच्यात एका लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीनं ठेवलेलं ज्ञान उलगडत जातं. कादंबरीचा विषय डीएनए नव्हे. पण ज्यांनी ज्ञान ठेवलं त्यांच्यातलं कुणीच शिल्लक नसताना ते कसं पोचावं आणि कसं कळावं, हा डीएनए-साठवणुकीतला सर्वांत अवघड प्रश्न नारळीकरांनी मराठी वाचकासमोर केव्हाच ठेवला होता.

त्या प्रश्नाचं जिवंत उदाहरण वैनगंगेकाठी पवनीत आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं, तेव्हा प्राचीन स्तूपाचे अवशेष आणि दगडावर कोरलेले ब्राह्मी लेख मिळाले. दगड दोन हजार वर्षं टिकला. पण जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ब्राह्मी उलगडली नसती तर कोरीव रेघांपलीकडं हाती काहीच लागलं नसतं. डीएनएच्या पुडीचंही तेच होईल. चार अक्षरं वाचणारी यंत्रं पुढंही असतील, कारण वैद्यकाला ती लागणारच. पण कोणत्या अक्षराचा अर्थ कोणता अंक, तुकड्यांचा क्रम कसा लावायचा, चुका कशा दुरुस्त करायच्या, हे प्रत्येक गटानं आपापल्या पद्धतीनं ठरवलेलं आहे. म्हणून या क्षेत्रातल्या कंपन्या आणि संस्थांच्या संघटनेनं मार्च २०२४ मध्ये पहिले दोन सामाईक नियम जाहीर केले. त्यातला पहिला ‘सेक्टर झिरो’. नळी उघडणाऱ्याला सर्वांत आधी काय वाचता आलं पाहिजे, ते त्यात ठरवलं आहे: हे कुणी लिहिलं, आणि पुढचं कोणत्या पद्धतीनं वाचायचं.