चामखिळीची सुई आणि भातकापणी

सकाळी साडेसात
कसारा लोकल आसनगावला थांबते. तिथून शहापूर आणि पुढे जीपने भातसानगर. पेटीत डी-3 जीवनसत्त्वाच्या अँप्यूल आहेत, भूल देणारं लिग्नोकेन, एक मिलीच्या सिरिंज, ब्लेड आणि भिंग. शहरातल्या दवाखान्यात चामखीळ गोठवून काढायला उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन वापरतात. तो खास भांड्यात ठेवला तरी हळूहळू उडून जातो, आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरला तो लोकलमधून नेता येत नाही. जाळून काढायला वीज लागते, आणि तिचा भरवसा नाही. चामखिळीत टोचायची ही डी-3 ची अँप्यूल मात्र खिशातूनसुद्धा येते.

साडेनऊ
भातसा धरण बांधताना वसवलेली ही वसाहत. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा भातसातून जातो, आणि याच तालुक्यातले कितीतरी पाडे एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघतात. आता दिवस भातकापणीचे, त्यामुळे रांग लहान आहे. जे आलेत ते मजुरी बुडवून आलेत, हे लक्षात ठेवूनच मी पहिलं नाव पुकारते.

पहिले एक काका. तळव्याला कुरूप झालंय म्हणतात. ब्लेडने वरची जाड कातडी हलकेच तासली तर आत काळे बारीक ठिपके दिसले. त्या गोठलेल्या केशवाहिन्या. त्वचेच्या रेषाही तिथे येऊन तुटल्या होत्या. कुरूप वरून दाबलं की जास्त दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की. काकांनी चिमटीला पाय मागे घेतला. सुई आज नको म्हणाले, म्हणून सॅलिसिलिक आम्लाचं औषध दिलं. रोज रात्री पाय कोमट पाण्यात भिजवायचा, घासायचा, मग लावायचं. दोन-तीन महिने चिकाटी हवी.

साडेदहा
त्यांच्यानंतर आलेल्या ताईंच्या दोन्ही हातांवर चामखिळी, सगळ्यात मोठी उजव्या तर्जनीवर, विळ्याची मूठ घासते तिथेच. शेजारी जुन्या भाजल्याचा काळा डाग.

"बिब्बा लावला होता का?"

"लावला व्हता, बाई. हात भाजला, ही तशीच ऱ्हायली."

बिब्बा, चुना-सोडा, रुईचा चीक, उदबत्तीचा चटका, घोड्याच्या शेपटीचा केस बांधणं, सगळं मी या खोलीत पाहिलंय. खाजवून, कापून चामखीळ शेजारी पसरते, कारण ती विषाणूची आहे. जुझेप्पे चुफो या इटालियन डॉक्टरने 1907 साली चामखिळीचा पेशीविरहित अर्क स्वतःलाच टोचून हे दाखवून दिलं.

ताईंना इंजेक्शन कमरेत हवं होतं, ताकदीचं म्हणून. ते चामखिळीतच द्यायचं असतं, हे समजावलं. हे औषध खास चामखिळीसाठी मंजूर झालेलं नाही, तरी त्वचारोगतज्ज्ञ ते वापरतात, हेही सांगितलं. मग माझे ठरलेले प्रश्न. पाळी कधी आली? गरोदरपणात मी हे देत नाही. मुतखडा? कंबरदुखीसाठी दुसरीकडे डी जीवनसत्त्वाची सुई घेतलीय का? एका मिलीत सहा लाख युनिट असतात, दोन ठिकाणची बेरीज अंगाला सोसत नाही. शेंगदाणा सोसतो ना? काही बनावटींत शेंगदाण्याचं तेल असतं. आणि सकाळी काही खाल्लंय का? खाल्लं नव्हतं. आधी बिस्किटं आणि चहा, मग टेबलावर आडवं.

मोठी चामखीळ टोचावी असा रिवाज आहे. पण तर्जनी सुजली तर त्या दोन-तीन दिवस विळा धरू शकणार नाहीत. "डाव्यात टोचा," त्या म्हणाल्या. डाव्या हाताने भाताची मूठ धरायची असते, तरी त्या हाताच्या पाठीवरच्या दोन चामखिळींनी काम अडत नाही. मी त्याच निवडल्या. हा विषाणू त्वचेच्या वरच्या थरातच मुक्काम करतो, रक्तात उतरत नाही, म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा सुगावा लागत नाही. डी-3 टोचलं की तिथे दाह होतो, संरक्षक पेशी गोळा होतात. एकदा त्यांना विषाणूची ओळख पटली की पुष्कळदा न टोचलेल्या चामखिळीही झडतात. झडतीलच असं मी कुणाला सांगत नाही.

आधी थोडं लिग्नोकेन, मग चामखिळीच्या बुडाशी 0.2 मिली. औषध तेलकट असल्यामुळे दट्ट्या जोर करून, पण सावकाश दाबावा लागतो. चामखीळ क्षणभर पांढरी पडून फुगली. ताईंनी दात आवळले, हात हलवला नाही.

साडेबारा
आश्रमशाळेतल्या एका मुलाला सरांनी आणलंय. बोटांभोवती चामखिळी, नखं कुरतडायची सवय. वर्गात त्याला वेगळं बसवतात, हे ऐकून मला राग आला. शेजारी बसण्याने एवढं काही होत नाही. टॉवेल वेगळा ठेवा, नखं खाणं सोडवा, बस्स. लहान मुलांच्या बहुतेक चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात. त्याला दुखत नाही, मग सुई कशाला? सरांना हे सगळं चिठ्ठीवर लिहून दिलं, मुख्याध्यापकांना दाखवायला.

दोन
डबा. जेवताना एक टिपण पुन्हा चाळलं. कर्नाटकात मंड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी 2017 साली याच सुईचा 42 रुग्णांवरचा अनुभव मांडला. दर दोन आठवड्यांनी सुई, जास्तीत जास्त चार वेळा. 33 जणांच्या चामखिळी पूर्ण गेल्या. आकडा उमेद देणारा आहे, मात्र तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारात तो असावाच लागतो.

साडेतीन
गजकर्ण, खरूज, चिखल्या. एकाच्या दंडावर फिकट चट्टा, कापसाचा स्पर्श कळत नाही. कुष्ठरोगाचा संशय. त्याला आजच शहापूरच्या सरकारी रुग्णालयाकडे धाडलं. औषध फुकट आहे आणि वेळेत घेतलं तर हात वाकडा होत नाही, हे त्याच्या बायकोलाही बसवून सांगितलं.

पाच
ताई नवऱ्याला घेऊन परत आल्या. दिवाळी झाली की बिऱ्हाड भिवंडीकडे वीटभट्टीवर जाणार, पावसाआधी परतणार. पंधरा दिवसांनी दुसरी सुई इथे जमते, तिसरी नाही. या उपचारात खरी अडचण हीच आहे. दुखणं लोक सोसतात, तारखा पाळणं मजुरीच्या हातात असतं. मुकादमाला विचारून भट्टीचं ठिकाण लिहून घेतलं. तिथून सरकारी दवाखाना किती लांब, ते नवऱ्याला ठाऊक होतं. कार्डावर औषध, मात्रा, टोचल्याची जागा, तारीख लिहिली, खाली माझा फोन नंबर. कुणी डॉक्टर पुढची सुई द्यायला तयार नसेल तर नुसता फोन करायला सांगा, म्हटलं. रविवारी मी भिवंडीपर्यंत येऊ शकते.