लिहिले ते राहिले

मागल्या जत्रेत कबड्डीचा सामना किती गुणांनी सुटला? दोघांना विचारा, दोन उत्तरे मिळतील. कारण कुणी लिहून ठेवलेच नाही.

आता दुसरी गोष्ट ऐका. अमेरिकेत क्रिकेटच्या बातम्या सहजी मिळत नसत. १९९३ साली तिथल्या मिनेसोटा विद्यापीठात सायमन किंग यांनी 'क्रिकइन्फो' सुरू केले. संगणकावर दिसणारा हा धावांचा फळाच! देशोदेशीचे क्रिकेटवेडे विद्यार्थी मदतीला आले. कुणी चालू सामन्याच्या धावा कळवी, कुणी जुने धावफलक उतरवून काढी. आरंभी पगार कुणालाच नव्हता. थेंबे थेंबे तळे साचले. २००७ साली ईएसपीएन या बड्या कंपनीने ते विकत घेतले. आज मोबाइलवरही तो फळा दिसतो.

मंडळी, आम्ही सांगतो, तुम्हांलाही आता लिहिता येते. चार मित्र जमवा, वही करा, गुण लिहा. पुढे पोरे ते मोबाइलवर चढवतील.