आधी जिवाणू, मग मासे

काचेची नवी टाकी भरली की त्याच संध्याकाळी मासे सोडायचा मोह होतो. तो आवरावा. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषारी असतो. काही जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे त्यांना अमोनिया मिळत राहतो.

सुमारे ५० लिटरच्या टाकीला एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो. तो रात्रंदिवस चालू ठेवावा. स्पंज नळाखाली धुऊ नये, कारण क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे आणि नव्या पाण्यात आधी अँटी-क्लोरीनचे थेंब घालावेत.

सुरुवात ४-५ नर गप्पींनी करावी. माद्याही घेतल्या, तर पिल्लांनी टाकी भरून जाते. गोल्डफिश मोठे होतात आणि घाणही फार करतात, म्हणून लहान टाकीत नकोत. दोन नर फायटर एकत्र ठेवले तर मारामारी ठरलेलीच. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे.