घरबसल्या कैलास

वेरूळच्या सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यासमोर प्रथमच उभा राहणारा मनुष्य थोडा निराशच होतो. समोर दिसते ती एक दुमजली दगडी भिंत आणि तिच्यातला दरवाजा. ज्याची एवढी कीर्ती ऐकली ते देऊळ कोठे आहे? ते त्या भिंतीआड आहे. दरवाजाच्या अंधुक वाटेने आत शिरावे, समोरच्या गजलक्ष्मीपाशी क्षणभर थबकावे, आणि एका बाजूस वळावे, की एकाएकी आभाळ मोकळे होते आणि डोंगराच्या पोटातले ते प्रचंड मंदिर अंगावर येते. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, कारागिरांनी हे काम कळसाकडून पायाकडे खोदत आणले. मागचा कडा १०० फुटांहून उंच आहे. पण मला त्या उंचीपेक्षा दारातले ते वळण मोठे वाटते. वास्तू ही चालता चालता उलगडणारी कला आहे.

मग ज्यांना चालवत नाही त्यांनी काय करावे? वरच्या सभामंडपात जायचे तर दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. संधिवाताने जखडलेली आजी, चाकांच्या खुर्चीतला विद्यार्थी, यांना आजवर छायाचित्रांवरच समाधान मानावे लागे. आता त्यांच्यासाठी आभासी फेरीचे, म्हणजे व्हर्च्युअल टूरचे, साधन हाताशी आले आहे. या मंडळींच्या दृष्टीने हा करमणुकीचा प्रश्न नव्हे. त्यांना जो कैलास दिसायचा तो एवढाच.

साधन तत्त्वतः सोपे आहे. साध्या कॅमेऱ्यात पाठीला पाठ लावलेली दोन रुंद भिंगे असतात. प्रत्येक भिंग अर्ध्याहून थोडे अधिक जग टिपते, आणि संगणक दोन्ही चित्रे कडेला जुळवून त्यांचा एक गोल बनवतो. पाहणारा त्या गोलाच्या मध्यभागी बसतो. डोळ्यांवर चढवलेल्या हेडसेटला मान किती वळली हे कळते, आणि तेवढेच चित्र तो वळवतो. मान वर केली की शिखर, खाली घातली की अंगण!

परंतु गोम अशी, की या चित्रात मान वळवता येते, पाऊल टाकता येत नाही. आपण पुढे झुकलो तरी अंगणातला दगडी हत्ती जवळ येत नाही. दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दाखवले असेल तर हत्ती आणि त्यामागचा कडा जणू एकाच पडद्यावर रंगवल्यासारखे भासतात. कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर नसला की बघणारा एकदम राक्षस तरी होतो, नाही तर रांगते मूल. आणि चित्रच धावू लागले, शरीर मात्र खुर्चीत स्थिर, तर डोळा एक सांगतो, कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरे; घाटातल्या एस्टीत होते तशी मळमळ सुरू होते.

पाऊल टाकू देणारी फेरी हवी असेल तर चित्र पुरत नाही, मोजमाप लागते. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये अँड्र्यू टॅलन या कलेतिहासकाराने २०१०च्या सुमारास लेसर किरणांनी अशी मोजणी केली. सुमारे ५० ठिकाणी यंत्र मांडून त्याने १०० कोटींहून अधिक बिंदू नोंदवले. २०१८ मध्ये तो वारला. १५ एप्रिल २०१९ रोजी कॅथेड्रलला आग लागली, छप्पर आणि मनोरा कोसळला, आणि त्या नोंदी पुनर्बांधणी करणाऱ्यांच्या कामी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडले. अशा बिंदूंवरून उभारलेल्या प्रतिकृतीत पाहणाऱ्याला खांबाला वळसा घालता येतो.

वेरुळाचे असे दर्शन घडवताना पहिला मोह होईल तो ड्रोनचा. त्याला सरसकट नावे ठेवू नयेत. सभामंडपाच्या छतावर एक मोठे कमळ कोरले आहे, आणि त्याच्याभोवती सिंह. तळाच्या अंगणात उभ्या असलेल्या धडधाकट यात्रेकरूलाही ते दिसत नाही. आजीला घरबसल्या दिसेल. पण फेरीचा आरंभच आकाशातून केला तर मंदिर दिवाणखान्यातल्या खेळण्याएवढे होते, आणि दारातले ते वळण कायमचे हुकते. बाण दाबून बाहेरून थेट अंगणात उडी मारू देणाऱ्या फेऱ्यांचेही तेच. माझ्या मते आजीला आधी त्या भिंतीसमोर उभे करावे, थोडे निराश होऊ द्यावे, मग अंधुक वाटेने आत न्यावे. कमळ शेवटी.

आणखी एक. कॅमेऱ्याला अंधार सोसत नाही. तो काळोखी गाभारा उजळून टाकतो, आणि चित्रे जुळवणाऱ्यालाही ते सोयीचे पडते. प्रत्यक्षात सोळा खांबांच्या सभामंडपातून पुढे जाताना डोळे निवावे लागतात, आणि थोड्या वेळाने लिंग दिसू लागते. तेवढा वेळ चित्रफितीत काळोखच ठेवावा.