पाळक चालले, तर मंडळी चालते

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या सॅडलबॅक चर्चचे तत्कालीन पाळक रिक वॉरन यांनी २०१० मध्ये एकाच दिवशी आठशेहून अधिक लोकांना बाप्तिस्मा दिला. तेथे बाप्तिस्मा घेणाऱ्याला पाण्यात पूर्ण बुडवून पुन्हा वर उचलले जाते. आठशे वेळा हे करताना आपली मंडळी किती वजनदार झाली आहे, याचा प्रत्यय वॉरन यांच्या दंडांना आला. आपलेही वजन याच वाटेने गेले आहे, हे त्यांनी नंतर उपासनेसाठी जमलेल्या लोकांसमोर मोकळेपणाने कबूल केले. त्या कबुलीतून जानेवारी २०११ मध्ये आहार आणि व्यायामाचा 'डॅनियल प्लॅन' सुरू झाला. राजाच्या पक्वान्नांऐवजी दहा दिवस शाकान्न व पाणी मागणाऱ्या बायबलमधील दानीएलचे नाव त्याला देण्यात आले. पहिल्या वर्षी सुमारे १५ हजार लोकांनी मिळून अडीच लाख पौंड वजन घटवले, असे चर्चने जाहीर केले. हा आकडा चर्चचा स्वतःचा आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही बाब ध्यानात ठेवलेली बरी. तथापि, पाळकाने आधी स्वतःकडे बोट दाखवले, ही गोष्ट अभ्यासकांनाही महत्त्वाची वाटावी अशी आहे.

धर्मस्थळाने शरीराची चिंता का करावी, असा प्रश्न कोणी विचारेल. आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी जाणाऱ्या वारकऱ्यांच्या महाराष्ट्रात तो विचारण्याचे वस्तुतः कारण नाही. चर्चच्या बाबतीत उत्तर अधिक व्यावहारिक आहे. दर आठवड्याला ठराविक वेळी, सर्व वयांचे, एकमेकांना नावाने ओळखणारे लोक एकत्र येतात, अशी ठिकाणे शहरांत फारशी उरलेली नाहीत. चर्चजवळ सभागृह असते, स्वयंपाकघर असते, बहुधा थोडे अंगणही असते आणि प्रवेशशुल्क नसते. जिमच्या आरशासमोर उभे राहण्यास संकोचणारी साठीची गृहिणी चर्चच्या सभागृहात मैत्रिणींसोबत सहज हातपाय हलवू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. भरभर चालणेही त्यात मोडते. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये भारतातील सुमारे निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या आसपास होते.

पाळकांच्या प्रयत्नांचे खरे मोजमाप झाले ते अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यात. पक्षाघाताचे प्रमाण मोठे असल्यामुळे अमेरिकेच्या आग्नेय भागाला 'स्ट्रोक बेल्ट' म्हणतात आणि हे राज्य त्याच पट्ट्यात येते. तेथील कृष्णवर्णीय समाजात उच्च रक्तदाबाचा प्रादुर्भाव मोठा आहे. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च ही या समाजाची १८१६ पासूनची संघटना. या चर्चने आणि राज्यातील विद्यापीठांच्या संशोधकांनी २००३ च्या सुमारास एक उपक्रम हाती घेतला. तीनशेहून अधिक चर्चमधील स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्यात आले. भक्तिगीतांच्या तालावर एरोबिक्स, वृद्धांसाठी खुर्चीत बसून करायचे व्यायाम आणि आठ आठवड्यांचा सवय बदलण्याचा वर्ग, असे त्याचे स्वरूप होते.

एवढा व्याप करूनही एकंदर मंडळीच्या हालचालीत लक्षणीय वाढ झाली नाही! मात्र ज्यांच्यापर्यंत उपक्रमाची माहिती पोहोचली होती आणि ज्यांना पाळकांचा पाठिंबा जाणवत होता, ते लोक इतरांपेक्षा अधिक हालचाल करणारे आढळले. चांगला कार्यक्रम आखला तरी तो कानावर पडला नाही आणि पाळकाने मनावर घेतला नाही, तर तो सभागृहाच्या एका कोपऱ्यातच राहतो.

या अनुभवातून धडा घेऊन 'फेथ, अॅक्टिव्हिटी अँड न्यूट्रिशन' हा पुढचा उपक्रम आखण्यात आला. त्यात ७४ चर्च आणि १,२५७ व्यक्तींचा समावेश होता. काही चर्चना कार्यक्रम लगेच मिळाला, तर काहींना पंधरा महिन्यांनंतर. त्यामुळे या वेळी तुलना शक्य झाली. व्यायामाचा नवा वर्ग सुरू करण्यापेक्षा चर्चचा आठवडाच थोडा बदलण्यावर भर होता. प्रत्येक चर्चमधील समितीला एक दिवसाचे प्रशिक्षण मिळाले. स्वयंपाक करणाऱ्यांसाठीही वेगळा दिवस ठेवण्यात आला, आणि हे विशेष, कारण चर्चच्या जेवणात काय शिजते हे अनेकदा पाळकापेक्षा त्यांच्याच हाती असते. हालचालीची संधी वाढवणे, आरोग्याचा संदेश वारंवार पोहोचवणे, चर्चचे काही नियम ठरवणे आणि पाळकाचा उघड पाठिंबा मिळवणे, हे चार आधार होते.

नियम म्हणजे मोठे फर्मान नव्हे. लांबलेल्या सभेत मध्येच सर्वांनी उभे राहून पाच मिनिटे अंग मोकळे करायचे, असे एकदा ठरले की दर वेळी कोणी आठवण करून देण्याची गरज उरत नाही. व्यायामाची घोषणाही वेगळी न करता आठवड्याच्या सूचनांतच द्यायची.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फुरसतीच्या वेळेतील व्यायाम थोडा, पण निश्चित वाढल्याचे दिसले. ही वाढ लोकांनी स्वतः सांगितलेल्या माहितीवर आधारलेली होती. रक्तदाबात फरक आढळला नाही. आकडे डोळे दिपवणारे नाहीत हे खरे. परंतु हा थोडासा फरक शेकडो चर्चमध्ये पडला, तर त्याचे मोल निराळे ठरते. त्यामुळेच हा उपक्रम पुढे राज्यातील अन्य चर्चमध्येही नेण्यात आला.

यात सर्वांत अवघड कडी बहुधा स्वतः पाळकच असतात. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या सतराशेहून अधिक पाळकांची पाहणी केली. त्यातील सुमारे ४० टक्के पाळक लठ्ठ असल्याचे आढळले. राज्यातील सर्वसाधारण लोकांपेक्षा हे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी अधिक होते. इतरांच्या आजारपणात, मृत्यूत, लग्नकार्यात धावणाऱ्या माणसाला स्वतःसाठी अर्धा तास काढणे स्वार्थीपणाचे वाटते. त्यात प्रत्येक घरभेटीला चहा आणि खाण्याची बशी. नाही म्हणावे तर यजमान दुखावतात. हे चित्र मराठी पाळकांनाही अनोळखी नसावे.

व्यासपीठावरून काय बोलावे, हाही नाजूक प्रश्न आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे, आणि आरोग्यावरील बहुतेक उपदेश तेथूनच सुरू होतात. दुसरीकडे, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात शारीरिक कसरतीचा उपयोग मर्यादित ठरवून भक्तीला वरचे स्थान दिले आहे. व्यायाम नकोसा असलेल्यांनी या वचनाची ढाल पुष्कळदा पुढे केली आहे. मात्र मर्यादित म्हणजे निरुपयोगी नव्हे. १८९१ मध्ये बास्केटबॉलचा शोध लावणारे जेम्स नेस्मिथ हे धर्मशास्त्राचे शिक्षण घेतलेले होते आणि वायएमसीए या ख्रिस्ती संस्थेच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवत होते. ही संस्था मुंबईतही १८७५ पासून आहे.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. शरीर मंदिर असल्याचे सांगता सांगता लठ्ठपणा हे पाप असल्याचे सुचवले गेले, की ज्यांच्यासाठी उपदेश करायचा तेच लोक मागच्या बाकावर सरकतात आणि काही दिवसांनी येणेच थांबवतात. थायरॉइडचा विकार, गुडघेदुखी, औषधांचे दुष्परिणाम, दोन पाळ्यांची नोकरी ही कारणे व्यासपीठावरून दिसत नाहीत. सर्वांसमोर वजन करणे, वजनाच्या स्पर्धा लावणे असे प्रकार म्हणूनच टाळावेत. किती किलो घटले यापेक्षा कोण किती दिवस चालले, हे विचारणे अधिक माणुसकीचे. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच सुरुवात करावी, हेही पाळकानेच सांगितले तर ऐकले जाते. मंडळीत डॉक्टर वा परिचारिका असल्यास हे काम त्यांच्याकडे सोपवता येईल.

मराठी मंडळ्यांचा आठवडा पाहिला तर नवे काही उभारण्याची फारशी गरज नाही. महिला मंडळ, तरुण संघ, संडे स्कूल आणि घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभा हे गट तयारच आहेत. जवळच्या घरी प्रार्थनेला वाहनाऐवजी गटाने चालत जाता येते. डिसेंबरमध्ये कॅरल गात घरोघरी फिरणारे तरुण न मोजता कित्येक किलोमीटर चालतात. तोच गट जानेवारीत शनिवारी सकाळी निघाला, तर पाळकांना फक्त बूट घालून दाराशी उभे राहायचे आहे. प्रीतिभोजनात तळणीचा एक पदार्थ कमी करण्यासाठी मात्र स्वयंपाकघरातील ज्येष्ठ भगिनींशी आधीच बोलून घ्यावे लागेल.

साउथ कॅरोलिनातील प्रशिक्षणाचा एक अख्खा दिवस समितीसाठी का राखला होता, हे येथेच उमगते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सभागृह कोण उघडणार, वीजबिल कोणत्या खात्यात टाकणार आणि किल्ली कोणाकडे राहणार, हे प्रश्न उपदेशाने सुटत नाहीत. त्यासाठी चर्च कमिटीची बैठकच बोलवावी लागते.